जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, साडेअकरा किलो, नवीन पंधरा. मग तीस वर्षांत झालं काय?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मामाने अमेरिकेहून परत येताना आणलेली १९९५ च्या आसपासची क्रोमोलीची, म्हणजे हलक्या मजबूत स्टीलची, हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल घरात आहे, लगेज काट्यावर टांगली तर साडेअकरा किलो भरली. आता नवीन घ्यायची म्हणून शोरूममध्ये दोन लाखांच्या वरची अल्युमिनियमची फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली, टांगून बघितली तर ती पंधराला जेमतेम कमी. टेक्नॉलॉजी एवढी पुढे गेली म्हणतात मग सायकल जड कशी झाली, कंपन्या आपल्याला येडं बनवतायत का? विचारणारा अजून इंजिनिअरिंगला आहे म्हणून मी त्याला सरळ अरेतुरे करतो.

तू ज्या दोन सायकली टांगल्यास त्यांच्यापुरतं बोलायचं तर हो, नवीन जड आहे, चांगली सव्वातीन किलोनी जड आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यावरून 'हल्लीच्या एमटीबी जड झाल्या' असं सरसकट म्हटलं की गडबड होते. कारण आपण ज्या सगळ्यांना एमटीबी म्हणतो त्यातल्या काही जड झाल्यात, काही होत्या तिथेच आहेत, आणि काही तर चार-पाच किलोनी हलक्या झाल्यात. माझ्या वर्कशॉपला दोन्हीकडची गिऱ्हाइकं येतात, कोणाच्या तरी माळ्यावरून काढलेली जुनी सव्वीस इंची पण येते आणि परवा घेतलेली कार्बनची पण, आणि स्टँडला लावायच्या आधी सायकल काट्याला लावायची ही माझी जुनी खोड आहे. त्या हिशोबाने सांगतो.

आधी एक गैरसमज. सगळ्यात जुन्या माउंटन बाइक हलक्या अजिबात नव्हत्या. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीमध्ये माउंट टॅमच्या उतारांवर ७० च्या दशकात हे खूळ सुरू झालं तेव्हा तिथली पोरं १९३०-४० च्या जमान्यातल्या श्विन एक्सेलसियरसारख्या फुगीर टायरच्या सायकली वापरायची, वजन वीस किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीएवढं. १९७६ पासून तिथे रीपॅकच्या उतारावर रेस व्हायला लागल्या, साडेतीन किलोमीटरच्या आत चारशे मीटर खाली, आणि मागचा कोस्टर ब्रेक, म्हणजे पेडल उलटं मारलं की चाकाच्या हबमध्ये लागणारा, इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, खाली पोचलं की हब उघडून परत ग्रीस भरा. सायकल वर न्यायची ती बरेचदा गाडीत टाकून, त्यामुळे वजनाचं कोणाला काय पडलंय. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी क्रोमोलीची फ्रेम बनवली ती पूर्ण सायकल १७ किलोच्या आसपास होती आणि ती तेव्हाची भारीतली भारी. मग १९८१ ला स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर आली, जपानमध्ये बनवून घेतलेली, दुकानात जाऊन विकत घेता येईल अशी, १३-१४ किलो, आणि तिच्यात सस्पेन्शन वगैरे काही नाही, पुढे सरळ लोखंडी चिमटा. किंमत ७५० डॉलर, जे महागाई धरली तर आजचे अडीच हजार डॉलरच्या घरात जातात. तेवढ्या पैशात तिकडे आज १४ किलोची, पुढे-मागे सस्पेन्शन, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असलेली सायकल मिळते. म्हणजे तुलना १९८१ शी केली तर वजन तेवढंच आणि सामान दुप्पट.

तुझी मामाची सायकल मात्र वजनाच्या बाबतीत सगळ्यात लाडक्या काळातली आहे. साधारण १९९० ते ९८. तेव्हा एमटीबी म्हणजे क्रॉस-कंट्री रेस, आणि क्रॉस-कंट्री रेस म्हणजे मुख्यतः चढ. १९९६ ला अटलांटाला एमटीबी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली, नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंट्येन्स जिंकला, रेस चालली सव्वादोन तास. अशा रेसला ग्रॅम-ग्रॅम मोजणारच ना. पातळ भिंतीचे, दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये कमी केलेले क्रोमोली पाइप, ५६०-५८० मिलिमीटरचं अरुंद हँडल, १९९२ ला आलेला शिमानोचा एक्सटीआर ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा सेट), टायटॅनियमचे बोल्ट, सीएनसी मशीनवर पोखरलेले जांभळे-निळे ब्रेक लिव्हर. ज्याच्याकडे पैसे होते तो दहा किलोच्या आसपास सहज यायचा. पण त्या सायकलींचं एक बोलत नाहीत लोक, ते सामान तुटायचं. हँडल, क्रँक, सीटपोस्ट. रेस करणारे हलकं हँडल एक सीझन वापरून फेकायचे. आज आपल्याला ज्या जुन्या सायकली दिसतात त्या तुटल्या नाहीत म्हणून दिसतात, तुटलेल्या भंगारात गेल्या. आणि टेस्टिंगचं म्हणशील तर युरोपात माउंटन बाइकसाठी वेगळं स्टँडर्ड २००५ ला आलं, त्यावरून पुढे २०१४ चं आयएसओ ४२१० आलं, ज्यात फ्रेमला पेडलच्या जोराचे लाखभर झटके देऊन बघतात, वरून वजन पाडून बघतात. ९० मधल्या कित्येक पोखरलेल्या पार्टना आज ही परीक्षा झेपली नसती. तर नवीन सायकलीचं थोडं वजन हे या परीक्षेत पास व्हायचं वजन आहे.

आता तुझे सव्वातीन किलो गेले कुठे ते बघू. आकडे माझ्या काट्यावरचे आणि ढोबळ आहेत, मॉडेलप्रमाणे शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतील. सगळ्यात मोठा वाटा फ्रेमचा. मामाची क्रोमोली फ्रेम दोन किलोच्या आसपास असणार. नवीनची अल्युमिनियम फ्रेम मागच्या शॉकसकट साडेतीन-पावणेचारला जाते, कारण तिथे आता एक मागचा हलणारा त्रिकोण आहे, बेअरिंग आहेत, लिंक आहे, आणि फ्रेम लांब पण झालीय, जुन्या हार्डटेलची दोन चाकांमधली लांबी एक मीटरला थोडी जास्त असायची, हल्ली ट्रेल बाइक १.२ मीटरच्या पुढे जाते. तर तिथेच दीड किलोच्या वर गेलं. पुढचा फोर्क, म्हणजे चिमटा: नव्वदच्या दशकातला पाच-सहा सेंटीमीटर हलणारा साधारण १.४ किलो, आत्ताचा १४ सेंटीमीटर हलणारा दोन किलो. सहाशे ग्रॅम गेले. सीटपोस्ट: जुना नुसता पाइप, अडीचशे ग्रॅम, नवीन ड्रॉपर, म्हणजे बटन दाबलं की सीट खाली जाणारा, तो सहाशे-सातशे. ब्रेक: व्ही-ब्रेकच्या जागी डिस्क, दोनशे ग्रॅम. चाकं २६ ची २९ झाली, रिमचा घेर वाढला, तारा लांब झाल्या, अजून दोनशे. आणि एकाच ठिकाणी वजन चक्क कमी झालंय ते म्हणजे गिअर. पुढच्या तीन दातरी चकत्यांची एक झाली, त्यांवरून चेन सरकवणारा पुढचा डिरेलर गेला, त्याची केबल गेली, डाव्या हाताचा शिफ्टर गेला. २०१२ ला स्रॅम कंपनीने एक्सएक्स-वन हा पुढे एकच चकती असलेला सेट काढला तिथून हे सुरू झालं, आणि मागच्या कॅसेटची सगळ्यात मोठी चकती पोळपाटाएवढी झाली तरी हिशोबात तीन-चारशे ग्रॅम वाचतातच.

टायरचं मुद्दाम मागे ठेवलं होतं कारण लोक नेमकं त्याच्याकडेच बघत नाहीत. जुना २६ बाय १.९५ चा टायर साडेपाचशे ग्रॅम आणि आत ट्यूब पावणेदोनशेची. आताचा २९ बाय २.४ चा जरा चांगल्या साइडवॉलचा टायर एक किलो, ट्यूबच्या जागी शंभर ग्रॅम सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव. दोन्ही चाकांचे मिळून सातशे ग्रॅमच्या वर इथेच गेले, फोर्कपेक्षा जास्त. आणि मला विचारशील तर अख्ख्या सायकलीत सगळ्यात कामाचं वजन हेच आहे, यातला एक ग्रॅम मी परत द्यायला तयार नाही. जुन्या टायरला चाळीस-पंचेचाळीस पीएसआय हवा भरावी लागायची, कमी भरली तर धोंड्यावर ट्यूब रिमखाली चिमटून एकदम दोन भोकं, आणि एवढी हवा भरली की टायर प्रत्येक खड्यावरून उडतो. आता तोच माणूस बावीस-पंचवीस पीएसआयवर चालवतो. टायर दगडाला धरून राहतो, ओल्या मुरमावर ब्रेक दाबला तर चाक सरकायच्या आधी सायकल थांबते, आणि बाभळीचा काटा घुसला तर सीलंट भरून काढतं. आपल्याकडे टेकड्यांवर जेवढे काटे आहेत त्यात ट्यूब वापरणाऱ्याचा अर्धा रविवार पंक्चर काढण्यात जातो हे तुला माहीतच असेल.

मग या सव्वातीन किलोची किंमत चढावर किती मोजावी लागते? हे गणित सोपं आहे, तू इंजिनिअरिंगचा आहेस तर स्वतः करून बघ. सिंहगडचा गाडीरस्ता धर, साधारण नऊ किलोमीटर, चढ सहाशे मीटर धरू. सव्वातीन किलो सहाशे मीटर वर उचलायला १९ किलोज्यूल लागतात. साधारण फिट माणूस तासभर १६० वॉट काढतो असं धरलं तर हे झाले दोन मिनिटं. तासाभराच्या चढात दोन मिनिटं. रेसमध्ये दोन मिनिटं म्हणजे रेस संपली, कबूल, पण तू वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही खाणार असशील तर दोन मिनिटांनी काय बिघडतं. आणि खरी गंमत अशी की डांबरी चढावर नवीन सायकल याहून जास्त हळू वाटते, त्याचं कारण वजन नाहीच, टायरचं मऊ रबर आणि टायरवरचे मोठे उंचवटे आहेत. ते वजनाइतकेच वॉट खातात, कधी जास्त. वर मागचं सस्पेन्शन लॉक केलं नाही आणि उभं राहून पेडल मारत बसलं तर अजून. लोक हे सगळं मिळून 'जड आहे' या एका शब्दात टाकतात आणि मग कार्बनची हँडलं शोधत बसतात.

वजन कुठे जाणवतं तर उचलताना. पायऱ्यांवरून चौथ्या मजल्यावर नेणारा माणूस माझ्याकडे येऊन जड सायकलीची तक्रार करतो ती खरी असते. ट्रेकच्या वाटेवर खांद्यावर घेऊन चढायचं असेल तर खरी असते. घाटात सारखं थांबून परत वेग घ्यायचा असेल तर चाकाच्या कडेचं वजन जास्त त्रास देतं, कारण वेग घेताना रिम-टायरचा एक ग्रॅम फ्रेमच्या दोन ग्रॅमसारखा वागतो, पण एकसारख्या चढावर तो पण साधा एक ग्रॅमच असतो, त्याचा उगाच बाऊ करतात. आणि आपलं स्वतःचं पण बघावं जरा. सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस, पाठीवर तीन लिटर पाणी, त्यात सायकल अकराची की चौदाची हा फरक एकूण वजनाच्या चार टक्क्यांच्या आतबाहेर येतो.

उताराला मात्र हा हिशोब पार उलटा होतो. लोणावळ्याहून राजमाचीचा रस्ता धर, पंधरा-सोळा किलोमीटर, पावसाळ्यानंतर नुसते सुटे धोंडे आणि वाहून गेलेले चर. मामाच्या सायकलीवर तिथे काय होतं ते मला चांगलं माहीत आहे कारण आम्ही सगळे तशाच सायकलींवर शिकलोय: ७१ अंशाचा उभा हेड अँगल (पुढच्या फोर्कच्या कलाचा कोन), १३ सेंटीमीटरचा लांब स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा), सीट वर, सगळं वजन पुढच्या चाकावर, आणि चाक जरा खड्ड्यात बसलं की माणूस हँडलवरून पुढे. म्हणून तेव्हा लोक अर्ध्या उताराला उतरून चालायचे आणि त्यात कोणाला काही लाजही वाटायची नाही. नवीनचा हेड अँगल ६५-६६, स्टेम चार-पाच सेंटीमीटर, हँडल ७८०, सीट बटन दाबून खाली, २९ चं चाक खड्ड्यात कमी बसतं. तीच वाट, तोच माणूस, तो बसून खाली येतो. ड्रॉपरचे चारशे ग्रॅम कोणी काढून टाकायला सांगितले तर मी त्या माणसाला आधी उतार कुठला करतोस ते विचारेन.

आता राहिल्या बाकीच्या जाती. रेसच्या क्रॉस-कंट्री सायकली होत्या तिथेच आहेत. पुढे-मागे १०-१२ सेंटीमीटर सस्पेन्शन, २९ ची चाकं, डिस्क ब्रेक, हल्ली बऱ्याच जणांना ड्रॉपर पण, आणि तरी दहा-अकरा किलो. म्हणजे ९६ च्या चांगल्या हार्डटेलएवढंच. कार्बनमुळे. स्पेशलाइज्डने २०२० ला एपिक हार्डटेलची टॉपची फ्रेम काढली तिचं वजन ७९० ग्रॅम सांगितलं होतं, मामाच्या फ्रेमच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे तसली हार्डटेल घेतली तर नऊ किलोच्या खाली येतेच. इथे वजनाला कायद्याची आडकाठी पण नाही, ते ६.८ किलोचं यूसीआयचं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेचं, बंधन रोड बाइकला आहे, एमटीबीला नाही. आणि तरी रेसर मंडळी सगळ्यात हलकी ती घेत नाहीत हे बघण्यासारखं आहे. ऑलिम्पिकच बघ, लंडन २०१२ ला यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शनवर जिंकला, रिओ २०१६ ला नीनो शुर्टर पण फुल सस्पेन्शनवर, टोकियो २०२१ ला टॉम पिडकॉक पण. तिघांनाही हार्डटेल मिळाली असती, किलोभर हलकी. रेस पण आता दीड तासाच्या आत संपते आणि कोर्समध्ये दगडांच्या राशी, उड्या असतात, तिथे किलोभर जास्त वजनापेक्षा चाक जमिनीवरून सुटणं महाग पडतं, हे त्यांनी घड्याळ लावून बघितलेलं असतं.

डाउनहिलच्या, म्हणजे नुसत्या उताराच्या रेसच्या, सायकली तर सरळ हलक्या झाल्यात. २००० ते २००५ च्या सुमाराला डाउनहिल आणि फ्रीराइडच्या सायकली वीस-बावीस किलोच्या असायच्या, मार्झोकीचा मॉन्स्टर टी फोर्क एकटा आजच्या डाउनहिल फोर्कच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, नोकियनचे तीन इंची गॅझालोडी टायर दीड किलोच्या पुढे एकेक. आज वर्ल्ड कपची सायकल सोळा-साडेसोळाच्या आसपास असते आणि ती त्या जुन्या बैलगाडीपेक्षा किती वेगाने जाते ते विचारूच नको. यातला गमतीचा भाग म्हणजे काही डाउनहिल रेसर्सनी मुद्दाम फ्रेमला, खाली क्रँकजवळ, वजनं चिकटवून बघितलीत, सायकल जमिनीला जास्त शांत बसते म्हणून. म्हणजे बघ, ज्यांना पाहिजे तेवढी हलकी सायकल फुकट मिळते ते वजन वाढवतायत, आणि आपण इथे बॉटल केजचे ग्रॅम मोजतोय.

इलेक्ट्रिकचं सोडून देऊ, २२-२५ किलो, मोटर आणि बॅटरी आहे, त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही.

पण एक जड सायकल अशी आहे जिच्याबद्दल मला खरंच राग येतो आणि ती आपल्याकडे सगळ्यात जास्त खपते. दहा-पंधरा हजारांची, चकचकीत, पुढे शॉकअप, मागे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क, २१ गिअर, नाव एमटीबी, वजन १७-१८ किलो. हे वजन आणि तुझ्या शोरूमच्या सायकलीचं वजन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे प्रत्येक किलो काहीतरी काम करतोय, इथे नुसता बसून आहे. फ्रेम हाय-टेन स्टीलची, म्हणजे साधं लोखंड, क्रोमोलीपेक्षा कमी ताकदीचं म्हणून भिंत जाड ठेवावी लागते. पुढचा फोर्क अडीच किलोचा, आत नुसती स्प्रिंग, तेल नाही, डॅम्पिंग नाही, खड्ड्यातून दाबला गेला की तसाच उसळी मारून परत येतो आणि हाताला धक्का दुप्पट बसतो. मागचा शॉक तर शोभेचाच, पेडल मारलं की सायकल मागून घोड्यासारखी वरखाली, निम्मी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. या सगळ्याचं वजन आहे आणि उपयोग शून्य. आईवडील पोराला हौसेने घेऊन देतात, पोरगं चार दिवस चालवतं, पाय दुखतात, सायकल पार्किंगमध्ये गंजते आणि वर घरचे म्हणतात पोराला आवड नाही. अरे आवड कशी राहील, त्याला अठरा किलोचं लोखंड ओढायला लावलंय. त्याच पैशात, किंवा चार-पाच हजार जास्त घालून, सस्पेन्शन नसलेली, सरळ फोर्कची, अल्युमिनियम फ्रेमची सायकल तेरा-चौदा किलोला मिळते आणि ती दहा वर्षं चालते. पण तिला शॉकअप नाही म्हणून ती दुकानात कोणी हातात धरत नाही.

त्यामुळे कोणी मला नुसतं विचारलं की पंधरा किलोची सायकल आहे, घेऊ का, तर मी उलट विचारतो की पंधरा किलो कशाचे. दोन इंचाच्या वरचे टायर, ट्यूबलेस रिम, हवेचा फोर्क, चार पिस्टनचे ब्रेक, ड्रॉपर, असं मिळून पंधरा असेल तर ठीकच आहे, बरंच म्हणेन. आणि वजन तोलताना दोन-तीन चलाख्या लक्षात ठेव. कंपन्या जे वजन छापतात ते बहुतेक पेडलशिवाय असतं, साधी पेडल पण तीन-चारशे ग्रॅम. साइज पण मिडियम किंवा स्मॉल धरलेला असतो, तू सहा फुटी असशील तर एक्सएलला अर्धा किलो आणखी धर. ट्यूबलेस म्हणून छापलेलं वजन असतं आणि दुकानातल्या सायकलीत मात्र ट्यूब भरलेली असते, ती काढून सीलंट टाकलं की दोन्ही मिळून दोन-तीनशे ग्रॅम तिथेच कमी होतात. तू लगेज काटा वापरलास ते बरोबर केलंस, फक्त हाताने धरू नकोस, हात हलतो, वर हुकाला लाव आणि सीटच्या नाकाने सायकल टांग. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.

आता तू काय करायचंस. तुझं चालवणं बहुतेक रस्ता, थोडी टेकडी, वर्षातून एखादा राजमाची असं असेल, तर दोन लाखांची फुल सस्पेन्शन घेऊ नकोस, ती रस्त्यावर तुला कंटाळा आणेल आणि तिच्या बेअरिंगची, शॉकच्या सर्व्हिसची खर्चाची बाजू वेगळीच आहे, आपल्या चिखलात ते काम वर्षाला निघतंच. एक लाखाच्या आत हवेचा फोर्क असलेली २९ ची अल्युमिनियम हार्डटेल बघ, तेरा-साडेतेरा किलोला मिळेल, त्यात ड्रॉपर नंतर टाकता येतो का ते आधी विचार, म्हणजे फ्रेमच्या आतून केबल जायला भोक आहे का. आणि दर रविवारी धोंड्यांतून उतरायचंच असेल तर मग ती शोरूमची पंधरा किलोची बिनधास्त घे, तिचं वजन विसरून जा, फक्त तिचे टायर बारकाईने बघ, पुष्कळदा कंपनी कागदावरचं वजन कमी दाखवायला कागदासारखे टायर लावून देते आणि पहिल्याच राइडला साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटते.

मामाची सायकल विकू नकोस, विकून काही येणारही नाही. तिचा पुढचा फोर्क त्या काळचा असेल तर आतले इलास्टोमर, म्हणजे ते रबरासारखे ठोकळे, आतापर्यंत दगड झालेले किंवा चिकट भुगा झालेले असणार, तो फोर्क हलत नसेल ही पैज. ते मिळवायच्या मागे लागू नकोस, त्याच मापाचा साधा क्रोमोलीचा रिजिड फोर्क टाक, चारशे-पाचशे ग्रॅम अजून कमी होतील, अकराच्या जवळ येईल. २६ चे टायर अजून मिळतात पण निवड कमी होत चाललीय, दोन चांगले दिसले की घेऊन ठेव, जरा गुळगुळीत घे, बाजूला नक्षी आणि मध्ये सपाट असे. सीटपोस्ट एकदा बाहेर काढून ग्रीस लावून परत घाल, नाहीतर क्रोमोलीच्या पाइपात अल्युमिनियमचा पोस्ट धरून बसतो आणि मग तो काढायला माझ्याकडे घेऊन यावं लागतं, आणि ते काम मला अजिबात आवडत नाही. खालच्या बाजूला बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथे, गंज आहे का तेवढं टॉर्च मारून बघ, तिथे पाणी साठतं.